हाताचा अंदाज

"काका, एसीतला गॅस संपलाय, जरा मारून द्या ना."

गिऱ्हाईक एवढं बोललं की पोपटराव मान्यांचं डोकं फिरलंच म्हणून समजा. शहाडच्या उड्डाणपुलाच्या अंगाला त्यांचं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं दुकान. दुकान म्हणजे काय, पुढे जेमतेम एक गाडी उभी राहील एवढी जागा आणि मागे पत्र्याची खोली. तिथे भर एप्रिलमध्ये काचा खाली केलेली, घामाने निथळणारी माणसं यायची आणि नेमकं हेच वाक्य बोलायची.

"संपलाय? संपायला ते काय पेट्रोल आहे?" पोपटराव हातातला पाना खाली आपटायचे. "घरच्या फ्रिजमध्ये दर उन्हाळ्यात गॅस भरता का? नाही ना? मग! अहो, बंद नळीतला गॅस आहे तो. फिरतो नि परत जागेवर येतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती शोधायची सोडून वरून गॅस मारत बसायचं, म्हणजे फुटका हंडा नळाखाली लावायचा आणि कॉर्पोरेशनला शिव्या द्यायच्या!"

माणूस एवढा तिरसट, पण गिऱ्हाईक तुटायचं नाही. कारण शिव्या देऊन झाल्या की हाच माणूस ब्रश घ्यायचा, साबणाचा फेस एकेका सांध्याला लावायचा आणि कुठे बुडबुडा फुगतोय ते डोळ्यांत तेल घालून बघायचा. गळती सापडल्याशिवाय गॅसच्या सिलिंडरला हात नाही. दुसरीकडे पाच मिनिटांत गॅस मारून मिळायचा आणि महिन्यात उडून जायचा. पोपटरावांकडे अर्धा दिवस मोडायचा, बोलणी खावी लागायची, पण पुढची चार-पाच वर्षं एसीचं नाव काढायला लागायचं नाही.

नावावरून त्यांची थट्टा व्हायचीच. आई हौसाबाईने माण तालुक्यातल्या कोरड्या गावात कौतुकाने पोपट नाव ठेवलं, तिला बिचारीला काय ठाऊक की ठाणे जिल्ह्यात फजिती झाली की 'पोपट झाला' म्हणतात? कुणी हसलं की हे म्हणायचे, "मी जन्मतःच पोपट आहे. पण गाडीने माझा पोपट केलाय, असं अजून झालेलं नाही."

आणि हे खरं होतं. एकोणिसाव्या वर्षी ते खोपटला आलेले, एसटी डेपोच्या मागे एका उस्तादाकडे. त्या काळी एसीची गाडी म्हणजे शेठलोकांची. उस्तादाने पहिल्या दिवशी इंजिन चालू केलं, एसी लावला, बॉनेट उघडलं आणि सांगितलं, "हात लाव." आत दोन नळ्या. एक बारीक, तापलेली. दुसरी जाड. त्या जाड पाइपवर उस्तादाने त्यांचा डावा हात धरून ठेवला. "माठाच्या पोटाला हात लावल्यासारखं लागलं पाहिजे. एवढंच. जास्त नाही, कमी नाही. ज्या दिवशी हे कळेल त्या दिवशी तू कारागीर."

हे कळायला दोन वर्षं गेली, पण जे कळलं ते पक्कं. डावा हात पाइपवर, उजवा सिलिंडरच्या चावीवर, डोळे कुठेही; हाताने 'बास' म्हटलं की चावी बंद. गॅसचं प्रेशर दाखवणारी गेजची जोडगोळी त्यांच्याकडे होती, नाही असं नाही. पण ती खिळ्याला लटकलेली असायची. "गेज बघून गॅस भरणारा म्हणजे पुस्तकात बघून भाकरी थापणारा," असं ते खुशाल म्हणायचे. गाडी परत देतानाही त्यांची एक पद्धत होती. चावी लगेच द्यायची नाही. मालकाला बॉनेटपाशी बोलवायचं, जाड पाइपवर त्याचा हात ठेवायला लावायचा. "लागला गार? मग घ्या चावी." काही लोक बिचकायचे, काही फोटो काढायचे. पण हात लावल्याशिवाय चावी कुणालाच मिळायची नाही.

तर अशा या माणसाचा डावा हात गेल्या दिवाळीपासून गप्प झाला होता.

आधी मुंग्या आल्या. बोटांच्या टोकांना, रात्री-अपरात्री. मग मुंग्या गेल्या, तेव्हा पोपटरावांना वाटलं, बरं झालं, सुटलो. पण जातानाच त्या सगळंच घेऊन गेल्या. कुणी जाड हातमोजा चढवावा तसं झालं. साखरेचा आजार अकरा वर्षांचा. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, पथ्य म्हणजे चहात साखर कमी, म्हणजे दोनाऐवजी दीड चमचा. एकदा तापलेल्या बॉनेटला हात टेकून ते कुणाशी तरी बोलत उभे राहिले. संध्याकाळी जेवताना भाकरी मोडायला गेले तेव्हा दिसलं, तळहाताला हा एवढा फोड. दुखला नव्हता. चटका बसलेला कळलाच नव्हता.

सरळ सांगायचं तर त्यांची पाचावर धारण बसली. दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर तो डॉक्टरकडे पळाला असता. पोपटराव पळाले नाहीत. हात गेला हे एकदा का शहाडमध्ये फुटलं, की दुकानात उरलं काय? शिक्षण सातवी, मशीन नाही, पोरगी लग्न होऊन साताऱ्याला. लोक येत होते ते त्या हातासाठी. त्यांनी फोडाला पट्टी बांधली, बायकोला सांगितलं पाना लागला, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. तोच हात, तोच पाइप, तीच ऐट. आत काहीही लागत नव्हतं, आणि पान्याने घट्टे पडलेल्या उजव्या हाताला असलं काही कधी कळलंच नव्हतं. मग ते सवयीने, अंदाजाने, कधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून चावी बंद करायचे. काही महिने निभावलं. निभावलं असं त्यांना वाटलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माया गायकवाड व्हॅन घेऊन आली. माया कल्याणची, पस्तिशीची, आधी रिक्षा चालवायची. आता तिची स्वतःची व्हॅन होती आणि आठवड्यातून तीन दिवस ती डोंबिवलीतल्या पाच पेशंटना डायलिसिससाठी कल्याणला आणायची, परत न्यायची. बोलायला फटकळ, गाडीची काळजी लेकरासारखी. पोपटरावांवर तिचा भारी भरवसा.

"कूलिंग कमी झालंय काका. गॅस संपलाय असं मी म्हणत नाहीये हां, आधीच सांगते."

पोपटराव हसले. गळती त्यांनी तासाभरात शोधली. पुढच्या सांध्यातली रबरी रिंग कडक होऊन चिरलेली. ती बदलली, नळ्यांमधली हवा पंपाने खेचून काढली, मग गॅस भरायला घेतला. डावा हात पाइपवर. काही नाही. अजून थोडा. काही नाही.

"येतंय का गं आत?" त्यांनी विचारलं.

"येतंय काका! मस्त येतंय."

इथे चावी बंद करायला हवी होती. पण तीस-पस्तीस वर्षांची सवय. हाताने 'बास' म्हटल्याशिवाय उजवा हात थांबेना. अजून थोडा, अजून थोडा करत ते भरत राहिले. शेवटी कंटाळून चावी बंद केली, मायाला पाइपला हात लावायला लावला, ती म्हणाली, "एकदम गार," आणि गेली.

आठ दिवसांनी ती परत आली. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि तिचा चेहरा उतरलेला होता. आज डायलिसिसचा वार नव्हता. तिच्या पेशंटपैकी एक, डोंबिवलीचे प्रभाकर सर, शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, त्यांना पायाच्या ड्रेसिंगसाठी ती कल्याणच्या दवाखान्यात घेऊन आलेली आणि तिथून परस्पर शहाडला आली होती. सर मागच्या सीटवर पाय लांब करून बसले होते. उजव्या पावलाला घोट्यापर्यंत पांढरं बँडेज.

"काय झालं?" पोपटरावांनी विचारलं.

"पळत्या गाडीत ठीक चालतो. गाडी थांबली की गरम हवा," माया म्हणाली. "परवा पत्री पुलावर पाऊण तास अडकलो. कॉम्प्रेसर टक् करून बंद, परत चालू, परत बंद. आत भट्टी. डायलिसिस करून आलेली माणसं काका, अंगात त्राण नसतं त्यांच्या. सरांना चक्कर आली. डोळे फिरवले त्यांनी. मी गाडी तशीच सोडून पाण्याला पळाले. मला वाटलं..."

"तेवढं काही झालं नव्हतं," सर आतून म्हणाले. "मायाताई उगाच घाबरतात."

पोपटराव गाडीच्या पुढे आले. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला सांगितलं, एसी लावायला सांगितलं आणि डावा हात जाड पाइपवर ठेवला. काही नाही.

आणि खोटं कशाला बोला, त्यांना क्षणभर हायसंच वाटलं. पाइप गार नाही, म्हणजे गॅस कमी आहे. म्हणजे दुसरीकडे कुठेतरी गळतोय. म्हणजे चूक आपली नाही.

"गॅस कमी झालाय," ते म्हणाले आणि सिलिंडर ओढायला वळले.

माया तोपर्यंत बॉनेटपाशी आली होती. दर वेळी हात लावायची सवय त्यांनीच तिला लावलेली. तिने हात घातला. "काका," ती म्हणाली, "हा तर गार आहे."

"नाहीये."

"अहो, आहे. बर्फ आहे नुसता. लावून बघा ना."

"आत्ता लावला ना मी! तुला काय कळतंय गं त्यातलं? चार वर्षं गाडी चालवली म्हणून मेकॅनिक झालीस काय? तिकडे हो!"

पुलाखालचा भाजीवाला वळून बघायला लागला. गिऱ्हाइकावर ओरडणं पोपटरावांना नवं नव्हतं, पण ते ओरडणं लोक हसत ऐकायचे. हे तसलं नव्हतं. मायाचे ओठ घट्ट मिटले. ती बाजूला झाली, पण गप्प बसेल तर ती माया कसली?

"तुम्हीच शिकवलंय," ती म्हणाली. "चावी घ्यायच्या आधी हात लाव म्हणून. लावला."

एव्हाना सर काठी टेकत खाली उतरले होते. ते हळूहळू बॉनेटपाशी आले, चष्मा वर केला आणि वाकून आत बघितलं. "पोपटराव, रागावू नका," ते शाळेतल्या आवाजात म्हणाले, "पण या नळीला घाम फुटलाय. खाली थेंब पडताहेत. गार असल्याशिवाय पाणी कसं धरेल?"

पोपटरावांनी बघितलं. खरोखरच जाड पाइप ओलागच्च होता, थेंब ओघळून खाली मातीत डाग पडला होता. आता ह्याला काय म्हणावं! डोळे ठणठणीत होते, समोर दिसत होतं, पण आयुष्यभर हाताचा शब्द शेवटचा मानलेला माणूस. डोळ्यांना त्यांनी काही विचारलंच नव्हतं.

त्यांनी मायाला इंजिन बंद करायला सांगितलं. परत हात लावला. बोटं, तळहात, मागची बाजू. काही नाही. मग त्यांनी असं काही केलं की भाजीवाला हातात जुडी धरून तसाच राहिला. टोपी काढली, बॉनेटमध्ये वाकले आणि आपला गाल त्या पाइपला लावला.

गारठा दाढेपर्यंत गेला. माठ कुठला, बर्फाची लादी होती ती. ते तसेच वाकून राहिले, कारण वर उठून दोघांना तोंड दाखवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

उठले ते थेट खिळ्यापाशी गेले. गेज काढली, फडक्याने धूळ पुसली, नळ्या जोडल्या आणि इंजिन परत चालू करायला सांगितलं. दोन्ही काटे झरझर वर गेले आणि वरच थांबले. लाल काटा तर जिथे असायला पाहिजे त्याच्या कितीतरी पुढे. गॅस कमी नव्हता. जास्त होता, भरमसाट जास्त. गाडी पळत असली की समोरून वारा लागतो, तोवर निभतं. गाडी उभी राहिली की आतलं प्रेशर चढत जातं आणि कॉम्प्रेसर फुटू नये म्हणून आपोआप बंद पडतो. पत्री पुलावर तेच झालं होतं. वरून गॅस मारणाऱ्यांना उभा जन्म शिव्या दिलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने आजारी माणसांना नेणाऱ्या गाडीत गॅस कोंबला होता.

मायाला काट्यांमधलं काही कळत नव्हतं. ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. पोपटरावांच्या जिभेवर वाक्य तयार होतं, 'प्रेशरचा स्विच खराब झालाय.' एवढं म्हटलं की झालं. जादा गॅस गुपचूप काढून घ्यायचा, स्विच पुसल्यासारखं करायचं, गाडी देऊन टाकायची. कुणाला पत्ता लागला नसता. नाव राहिलं असतं, दुकान राहिलं असतं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण समोर सर एका पायावर भार देऊन उभे होते. मरता मरता वाचलेला माणूस, आणि तो आपल्याला 'रागावू नका' म्हणाला होता.

"माया," पोपटराव म्हणाले, "चूक माझी आहे. गॅस मीच जास्त भरला. मला... मला हाताला काही कळत नाही गं."

मायाने त्यांच्या डाव्या हाताकडे बघितलं. सरांनी मात्र लगेच विचारलं, "केव्हापासून?"

"दिवाळीपासून."

"साखर आहे?"

"आहे थोडी."

"थोडी असं काही नसतं. पायाचं काय?"

"पाय चांगले आहेत की."

"बसा इथे. चप्पल काढा आणि तिकडे पुलाकडे बघा."

मास्तरांनी बाकावर बसवलं की माणूस बसतो. पोपटराव स्टुलावर बसले, चपला काढल्या आणि पुलाकडे बघत राहिले. वरून ट्रक चालले होते, रेतीचा एक, भाजीचा एक.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "लावा की काय लावायचंय ते."

"लावलंय," सर म्हणाले. "केव्हाचं."

पोपटरावांनी खाली बघितलं. सरांच्या काठीचं टोक त्यांच्या अंगठ्यावर दाबून धरलेलं होतं. अंगठा दाबाने पांढरा पडला होता.

"माझ्या बुटात खिळा होता," सर म्हणाले. "तीन दिवस. मी चालत होतो, मला पत्ता नाही. मोजा लाल दिसला तेव्हा कळलं. तरीसुद्धा मी घरी सांगितलं नाही. आरोग्यशास्त्र शिकवलं हो मी, सव्वीस वर्षं! पोरांना हात धुवायला लावायचो. आणि स्वतःचं सांगायची लाज वाटली. आता दोन बोटं नाहीत, मूत्रपिंडं काम करत नाहीत आणि आठवड्यातले तीन दिवस सुईवर जातात. आजाराने जेवढं नेलं ना पोपटराव, त्याहून जास्त त्या लाजेने नेलं."

हे ते अगदी साधेपणाने म्हणाले, पाढे म्हणावेत तसं. पोपटराव मान खाली घालून चपला घालायला लागले. पायात चप्पल नीट गेलीय का, ते बघून बघून.

मग गाडीचं काम त्यांनी पहिल्यापासून केलं. बॉनेटच्या आतल्या बाजूला कंपनीने चिकटवलेला एक कागद असतो, गॅस किती ग्रॅम भरायचा त्याचा. आजवर त्यांनी तो कधी वाचला नव्हता. वाचायची गरजच काय! आज चष्मा लावून वाचला: चारशे वीस. आतला सगळा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला, अर्धा तास पंप लावून नळ्या कोरड्या केल्या, आणि शेजारच्या भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. त्यावर सिलिंडर ठेवला आणि आकडा बघत बघत चारशे वीस ग्रॅम आत सोडला. ना कमी, ना जास्त. माया गेजच्या काट्यांचे आकडे वाचून सांगत होती. मग गाडी तशीच उन्हात उभी करून वीस मिनिटं एसी चालू ठेवला. कॉम्प्रेसर एकदाही टकटकला नाही. सर आत बसून होते, त्यांनी काच खाली करून सांगितलं, "आता शाल लागेल."

निघताना पोपटराव म्हणाले, "मघाशी ओरडलो ते मनावर घेऊ नकोस."

"घेतलंय," माया म्हणाली. "डॉक्टरकडे जाऊन या, मग सोडते."

ती गेल्यावर पोपटरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. कुठल्या दिवशी कुठली गाडी, हे त्यावर पेन्सिलने लिहिलेलं असायचं. दिवाळीपासून गॅस भरलेल्या गाड्या निघाल्या एकोणीस. त्यांनी एकेकाला फोन लावला. "शहाडवरून पोपट माने बोलतोय. गाडी घेऊन या. माझ्याकडून गॅसचं माप चुकलं असणार." काही जणांना वाटलं काका मस्करी करतायत. एकजण म्हणाला, एसी झकास चाललाय, कशाला येऊ? बाळकुमच्या एका साहेबांनी मात्र वाटेल तसं सुनावलं. त्यांचा कॉम्प्रेसर गेल्याच आठवड्यात बसला होता आणि ते परत कधी पायरी चढणार नव्हते. पोपटरावांनी सगळं ऐकून घेतलं. साहेबांचं बरोबरच होतं. फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला.

दुपारी तीनला त्यांनी शटर ओढलं. इतक्या वर्षांत सणवार आणि मयत सोडून दिवसाउजेडी शटर पडलं नव्हतं. घर स्टेशनच्या पलीकडे, खोली आणि स्वयंपाकघर. शेवंताबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या.

"आज लवकरसं?" त्यांनी विचारलं.

पोपटराव उंबऱ्यावरच बसले. वाटभर जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. शेवटी ते म्हणाले, "शेवंता, माझा हात गेलाय. डावा. काही कळत नाही त्याला. पायाचंही तसंच आहे म्हणे."

शेवंताबाईंनी मेथीची काडी मोडली, पानं परातीत टाकली. "ठावं हाय मला."

"काय ठावं आहे?"

"दिवाळीपासनं ठावं हाय. पहिल्या आंघोळीला बादलीत हात घालून तुम्ही म्हणालात, कोमट आहे. मी घातला तर कढत! कातडं निघालं असतं. तवापासनं तुमचं पाणी मीच गार घालून विसणते नव्हं? रोज. हात घालून बघते, मगच हाक मारते तुम्हाला."

बायको रोज पहाटे उठून पाणी विसणून देते ते त्यांनी बघितलं होतं. त्यांना वाटलेलं, म्हातारपणी लाड करतेय. एकदोनदा ते चिडलेसुद्धा होते, मी काय लहान पोर आहे का म्हणून.

"मग बोलली का नाहीस?" त्यांचा आवाज चढला. "पाच महिने? बोलायचं ना!"

"बोलले असते तर काय केलं असतंत? पाना लागला म्हणाला असतात." त्यांनी मेथी बाजूला सारली. त्यांचे डोळे भरून आले होते. "रोज वाटायचं, आज सांगतील. आज सांगतील. पाण्यात हात घातला की भ्या वाटायचं, मी एक दिस विसरले तर काय घ्या? झोप लागंना मला. तुम्ही आपले शिट्टी वाजवत दुकानाला."

पोपटराव माने रडले. उंबऱ्यावर बसून, टोपी तोंडाशी धरून रडले. हात गेला होता त्यासाठी नाही. आपण एकटेच लपवतोय असं समजत होतो आणि घरात हे माणूस रोज सकाळी आपल्या वाटणीचा चटका स्वतःच्या हातावर घेऊन बघत होतं, त्यासाठी.

"उद्या मोठ्या दवाखान्यात जायचं," शेवंताबाई म्हणाल्या. "मी येणार. हिकडं आणा हात."

त्यांनी डावा हात पुढे केला. शेवंताबाईंनी मेथीने हिरव्या झालेल्या बोटांनी त्यांच्या करंगळीचं टोक दाबलं. "कळतंय?"

"नाही."

बोटांची पेरं दाबली. "आता?"

"नाही."

तळहात दाबला, भाजलेल्या फोडाचा जुना वण होता तिथे. "हितं?"

पोपटरावांनी मान हलवली. शेवंताबाई घाई न करता वर सरकत गेल्या, मनगट ओलांडून चार बोटं वर आल्या आणि तिथे त्यांनी दाबलं.

"हां," पोपटराव म्हणाले. "इथं कळलं."

"मग हितनं धरते," शेवंताबाई म्हणाल्या, आणि धरून बसल्या.